छेदरेषेचा इतिहास : तुकडेजोड कोड्यांच्या संग्रहालयात काय पाहावे

वस्तुसंग्रहालयात ठेवलेली वस्तू सामान्यतः तिच्या व्यवहारातून निवृत्त झालेली असते. तेथील तलवार म्यानाबाहेर येत नाही, वीणा वाजत नाही, नाणे बाजारात चालत नाही. तथापि पाहणाऱ्यास त्या वस्तूचे स्वरूप बहुतांशी कळते. तुकडेजोड कोड्याची, म्हणजे ज्यास आपण इंग्रजी नावाने जिगसॉ म्हणतो त्या खेळण्याची, गोष्ट निराळी आहे. हे कोडे जुळवून भिंतीवर टांगले, तर ते कोडे राहत नाही; भेगाळलेले चित्र होते. न जुळविता पेटीत ठेवले, तर प्रेक्षकास लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा ढीग तेवढा दिसतो. जुळविण्याची क्रिया हाच ज्या वस्तूचा प्राण, ती वस्तू हात न लावता पाहावयाची कशी, हा प्रश्न अशा संग्रहालयाच्या दारातच उभा राहतो.

ह्या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरे दोन ठिकाणी पाहावयास मिळतात. फिलिपाईन्समधील तगायताय येथे ‘पझल मॅन्शन’ ह्या नावाने जॉर्जिना गिल-लाकुना ह्या बाईंचा संग्रह उभा राहिला. २०१२ साली त्यातील १,०२८ निरनिराळ्या कोड्यांची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथाने केली. तेथील कोडी जुळवून, चिकटवून, चौकटीत बसवून भिंतींवर लावलेली होती. दुसरे उत्तर लंडनजवळच्या क्यू राजवाड्याशी निगडित असलेल्या एका महॉगनी कपाटाचे आहे. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था १७६२ ते १७९३ ह्या काळात लेडी शार्लट फिंच हिच्याकडे होती. तिच्या ह्या कपाटात लाकडावर चिकटवून कापलेले नकाशे आहेत, आणि त्यांचे तुकडे मुलांच्या हाती देण्यासाठी पातळ खणांत ठेवलेले असत. हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस ही संस्था व व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम ह्यांनी ते संयुक्तपणे मिळविले. एका ठिकाणी जपले गेले ते पूर्ण चित्र. दुसऱ्या ठिकाणी जपले गेले ते तुकडे व त्यांची मांडणी.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की तुकडेजोड कोड्याच्या अभ्यासात चित्र हा दुय्यम पुरावा होय. मुख्य पुरावा आहे तो छेदरेषेचा, म्हणजे करवतीने किंवा साच्याने चित्रावरून ज्या मार्गाने कापले त्या रेषेचा. ही रेषा चित्रातील आशयाला धरून जाते, त्याला बगल देते, की त्याच्याशी संबंधच ठेवीत नाही, हे पाहिले म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांचा ह्या खेळण्याचा इतिहास आपोआप तीन कालखंडांत विभागला जातो.

१. ज्ञानाच्या सीमेवरून जाणारी रेषा

तुकडेजोड कोड्याचा आरंभ करमणुकीतून नव्हे, तर भूगोलाच्या अध्यापनातून झाला. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी (१७३९–१७६९) हा उत्कीर्णक व नकाशाकार. राजाचा भूगोलकार म्हणून ख्यात असलेल्या टॉमस जेफरीज ह्याच्याकडे त्याने उमेदवारी केली होती. १७६० नंतरच्या काही वर्षांत त्याने ड्रुरी लेनलगतच्या आपल्या दुकानातून खंडित नकाशांची विक्री आरंभिली. छापील नकाशा हाताने रंगवावयाचा, महॉगनीच्या पातळ फळीवर चिकटवावयाचा, आणि बारीक पात्याच्या करवतीने देशांच्या सीमांवरून कापावयाचा, अशी त्याची रीत होती. भूगोल शिकविणे सुलभ व्हावे म्हणून लाकडावर नकाशे छेदून देणारा, अशी आपल्या व्यवसायाची ओळख त्याने स्वतःच करून दिली आहे. जग, युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड हे त्याचे विषय होते. वयाच्या तिशीतच तो वारला. परंतु त्याची कल्पना इतर प्रकाशकांनी उचलून धरली. १७६६ सालचा त्याचा युरोपचा खंडित नकाशा आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

स्पिल्सबरीस ह्या खेळण्याचा जनक म्हणण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. तथापि जिल शेफ्रिन ह्यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ह्या श्रेयास मर्यादा घातली आहे. त्या काळी लंडनमध्ये राहून उच्चकुलीन मुलींना शिकविणारी फ्रेंच लेखिका मादाम लप्रँस द बोमाँ हीसुद्धा १७६० च्या सुमारास लाकडी नकाशे वापरीत होती. एका व्यापाऱ्याचे नाव टिकले, कारण त्याने आपल्या मालावर ते छापले. शिक्षिकांच्या खोलीत जे घडले त्याची नोंद पत्रांतून व हिशेबांतून शोधावी लागली. संग्रहालयातील ‘आद्य’ हे विशेषण असलेली चिठ्ठी वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट होय.

ह्या आरंभीच्या नकाशांत छेदरेषा व ज्ञानरेषा एकच होत्या. प्रत्येक तुकडा म्हणजे एक राज्य किंवा एक प्रांत. तो उचलला की मुलाच्या बोटांना त्या देशाचा आकार कळे, आणि जागेवर बसविला की त्याचे शेजारी कळत. काही नकाशे समुद्रावाचूनही विकले जात. त्यात लाकूड कमी लागे व किंमतही उतरे. येथे समुद्र म्हणजे केवळ उरलेली जागा ठरते, आणि भूगोल म्हणजे राज्यांची यादी ठरतो. शिक्षणाची एक विशिष्ट कल्पना अशा रीतीने करवतीच्या मार्गातच उमटलेली आहे.

ह्या पद्धतीचा शैक्षणिक लाभ उघड असला, तरी तिच्यातील एक गृहीत सहज नजरेतून सुटते. सीमेवरून कापलेला देश हा हातात घेता येणारा घन पदार्थ वाटू लागतो. जणू त्याच्या कडा निसर्गानेच घडविल्या आहेत. वस्तुस्थिती मात्र तशी नव्हती. १७६६ मध्ये पोलंड हे युरोपच्या नकाशावरचे एक विस्तीर्ण राज्य होते. १७७२, १७९३ व १७९५ ह्या तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांनी ते आपसांत वाटून घेतले आणि पोलंडचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले. ज्या मुलाने पोलंडचा तुकडा जागेवर बसविण्याचा अभ्यास केला, त्याच्या उतारवयापूर्वीच ती जागा उरली नव्हती. कागदावरील नकाशा नव्या आवृत्तीत दुरुस्त करता येतो. लाकडाचा कापलेला तुकडा दुरुस्त होत नाही. म्हणूनच खंडित नकाशा हा आपल्या वर्षाचा साक्षीदार म्हणून अधिक प्रामाणिक ठरतो.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकासही येथे विचारण्याजोगा प्रश्न आहे. ज्या दशकात पानिपतचा संग्राम (१७६१) झाला आणि माधवराव पेशव्यांनी विस्कटलेली घडी पुन्हा बसविली, त्याच दशकात लंडनमधील मुले आशियाचे लाकडी तुकडे जुळवीत होती. प्रत्यक्ष सत्ता, नाममात्र बादशाही आणि नकाशाकाराची पुस्तकी माहिती ह्यांपैकी हिंदुस्थानचा तुकडा कशाच्या आधारे कापला जात होता, ही तपासणी एकेका उपलब्ध प्रतीवरून करण्यासारखी आहे. कारण त्या मुलांपैकी काहीजण पुढे कंपनीच्या कारभारात शिरणाऱ्या वर्गातील होते.

हे खेळणे सुस्थित घरांतून किती रुळले होते, ह्याची साक्ष जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) ह्या कादंबरीत मिळते. गरीब घरातून आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जुळविता येत नाही, हे पाहून तिच्या श्रीमंत मावसबहिणी तिला अडाणी ठरवितात. नकाशा जुळविता येणे हे येथे ज्ञानाचे नव्हे, तर वर्गाचे लक्षण झाले आहे. कारण महॉगनीचे नकाशे ज्या घरात होते त्याच घरातील मुलांना ते जुळविता येणार.

२. चित्राला चकविणारी रेषा

अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन वॉलिस, विल्यम डार्टन इत्यादी लंडनच्या प्रकाशकांनी नकाशांच्या जोडीला इतिहास, बायबलमधील कथा व नीतिपाठ हे विषय आणले. इंग्लंडच्या राजांची कालानुक्रमे मांडलेली चित्रे ह्याच काळातील. येथे छेदरेषा अजूनही आशयाला धरून होती. एक राजा म्हणजे एक तुकडा. परंतु काळाला भूगोलासारख्या सीमा नसतात. तुकडा आकारामुळे नव्हे, तर क्रम ठाऊक असल्यामुळे जागेवर बसावयाचा. रेषा व आशय ह्यांची गाठ येथे प्रथम सैल झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

रचनेच्या दृष्टीने ह्या जुन्या कोड्यांचे एक वैशिष्ट्य संग्रहालयात आवर्जून पाहावे. त्यांत पुष्कळदा केवळ कडेचे तुकडे एकमेकांत अडकणारे असत. आतले तुकडे नुसते शेजारी शेजारी ठेवावयाचे. बाहीचा धक्का लागला तरी सगळी मांडणी विस्कटे. गोल डोके व त्यास सामावणारी खाच ही आज आपल्याला जिगसॉची मूळ खूण वाटते. ती वस्तुतः पुष्कळ उशिरा सार्वत्रिक झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी बदलल्या. महागड्या लाकडाच्या जागी प्लायवुड आले, आणि पायाने चालविण्याच्या उभ्या पात्याच्या करवती सुलभ झाल्या. ह्या करवतीचे इंग्रजी नाव जिगसॉ, आणि त्यावरूनच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोड्याला आजचे नाव पडले. म्हणजे वस्तू जन्मल्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी तिचे बारसे झाले, आणि तेही विषयावरून नव्हे, तर हत्यारावरून.

ह्याच सुमारास हे कोडे प्रौढांच्या हाती गेले. १९०८–०९ मध्ये अमेरिकेत त्याची लाट आली. पार्कर ब्रदर्स ह्या खेळणी करणाऱ्या कंपनीने १९०९ मध्ये आपला सारा कारखाना काही काळ केवळ तुकडेजोड कोड्यांसाठी वाहून टाकला. तिच्या ‘पास्टाइम’ ह्या मालिकेत पक्षी, तारे, अक्षरे अशा ओळखीच्या आकारांचे तुकडे मधूनमधून कापलेले असत. करवतीवर काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. प्रत्येक कोडे स्वतंत्रपणे कापले जात असल्याने दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नसत.

ह्या कालखंडात छेदरेषेचा हेतू उलटला. पूर्वी ती जुळविणाऱ्यास साहाय्य करी; आता ती त्याला चकवू लागली. कुशल कापणारा दोन रंगांच्या संधीवरूनच करवत नेई. त्यामुळे निळ्या आकाशाच्या तुकड्यावर खालच्या हिरव्या झाडीचा लवलेशही उरत नसे, आणि हे दोन तुकडे शेजारी आहेत ही खूण नाहीशी होई. गंमत अशी, की देशांच्या सीमेवरून कापणे व रंगांच्या सीमेवरून कापणे ही बाह्यतः एकच कृती आहे. पहिलीत सीमा शिकवावयाची होती, दुसरीत ती लपवावयाची होती. त्यातच मोठ्यांसाठी केलेल्या लाकडी कोड्यांच्या पेटीवर चित्र नसे. नावावरून काय तो तर्क करावयाचा. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आरंभ झालेल्या ‘पार’ कोड्यांनी ही कला कळसाला नेली. त्यांच्या प्रत्येक कोड्यात समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा सहीप्रमाणे असे.

फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज पेरेक ह्याने ‘जीवन : वापरण्याची रीत’ अशा अर्थाचे नाव असलेल्या आपल्या १९७८ च्या कादंबरीच्या प्रास्ताविकात ह्याच गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. कोडे जुळविणारा एकटा बसलेला दिसतो; परंतु त्याची प्रत्येक हालचाल कापणाऱ्याने अगोदरच जोखलेली असते, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. हाताने कापलेल्या कोड्याला हे वर्णन पूर्णतः लागू पडते. साच्याने कापलेल्या कोड्याची स्थिती मात्र वेगळी आहे.

३. चित्रास न जाणणारी रेषा

साच्याने कापण्याची पद्धत थोडक्यात अशी : पोलादाची धारदार पट्टी हव्या त्या वळणांनी वाकवून लाकडी पाटात बसवितात, आणि त्या साच्याखाली चित्र चिकटविलेला पुठ्ठा ठेवून दाबयंत्राने एकाच दाबात सारे तुकडे कापतात. साचा करण्यास खर्च पुष्कळ. परंतु एकदा केला की त्यावर हजारो कोडी निघतात. म्हणून एकच साचा अनेक चित्रांसाठी वापरला जातो. कापणाऱ्या रेषेला चित्रात घोडा आहे की गलबत आहे, ह्याचा पत्ता नसतो. एका चित्राचा तुकडा दुसऱ्या चित्रात अचूक बसतो, हे पहिल्या दोन कालखंडांत अशक्य असलेले वैशिष्ट्य येथे निर्माण होते.

ह्या पद्धतीचा प्रसार जागतिक मंदीच्या काळात झाला. १९३२ च्या शरद ऋतूपासून अमेरिकेत दर आठवड्याला नवे पुठ्ठ्याचे कोडे वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर पंचवीस सेंटांत मिळू लागले. १९३३ च्या प्रारंभी ही विक्री आठवड्याला सुमारे एक कोटीपर्यंत पोहोचली. औषधांच्या दुकानांतून व ग्रंथालयांतून कोडी भाड्याने मिळत. बेकार झालेले सुतार व कारागीर घरी लाकडी कोडी कापून विकत. इंग्लंडमध्ये लाकडी कोडी सभासदांस फिरविणारे ‘ब्रिटिश जिगसॉ पझल लायब्ररी’ हे मंडळ १९३३ मध्येच निघाले. हाताला काम नसलेल्या माणसाला थोड्या पैशांत अनेक संध्याकाळी पुरणारे, आणि शेवटी निश्चितपणे पुरे होणारे असे काही हवे होते. ह्या खेळण्याच्या इतिहासकार अ‍ॅन विल्यम्स ह्या व्यवसायाने अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, हे ह्या संदर्भात लक्षणीय आहे.

साच्यातील तुकडे साधारणतः ओळी-स्तंभांच्या जाळीत मांडलेले असतात. ‘एक हजार तुकडे’ असे लिहिलेल्या पेटीत पुष्कळदा ३८ ओळी व २७ स्तंभ, म्हणजे १,०२६ तुकडे निघतात. त्यांपैकी कडेचे १२६. म्हणजे आठांत एक. बहुतेकजण कडेपासून का आरंभ करतात, ह्याचे कारण ह्या गणितात आहे. सरळ बाजूच्या खुणेने शोधाचे क्षेत्र एकदम आठव्या हिश्श्यावर येते.

चित्र व छेदरेषा ह्यांची फारकत झाल्यावर, चित्रावाचून केवळ आकारावरून कोडे सुटेल काय, हा प्रश्न शास्त्राच्या क्षेत्रात विचारला जाणे क्रमप्राप्तच होते. १९६४ मध्ये हर्बर्ट फ्रीमन व एल. गार्डर ह्यांनी चित्रविरहित कोडे गणकयंत्राकडून सोडविण्याची रीत प्रसिद्ध केली. आकृती ओळखण्याच्या शास्त्रातील तो एक आरंभीचा प्रयत्न होय. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतील स्प्रिंगबोक कंपनीने जॅक्सन पोलॉक ह्याचे ‘कन्व्हर्जन्स’ हे अमूर्त चित्र कोड्याच्या रूपात विकावयास आणले. त्यातही चित्रापासून मिळणारी मदत जवळजवळ शून्यच. पुढे २००७ मध्ये एरिक व मार्टिन डिमेन ह्यांनी तुकडेजोड कोड्याचे सर्वसाधारण रूप गणनशास्त्रातील अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडते असे सिद्ध केले. जुळलेले कोडे बरोबर आहे की नाही हे चटकन तपासता येते. परंतु ते हमखास व शीघ्र जुळविण्याची सर्वसाधारण रीत कोणासही सापडलेली नाही. आपण घरी बसून कोडे पुरे करू शकतो, ह्याचे कारण चित्र आपल्याला मदत करते आणि साच्यातील तुकड्यांच्या कडा फारशा फसव्या नसतात.

४. संग्रहालयाचे कर्तव्य व अभ्यासकाची दृष्टी

ह्या विवेचनावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता येईल. कोडे चिकटवून चौकटीत लावले म्हणजे चित्र सुरक्षित होते, परंतु पुरावा मुका होतो. तुकड्याची जाडी, त्याची पाठ, कडेवर राहिलेल्या करवतीच्या खुणा, कागद लाकडापासून सुटल्याच्या जागा, ह्यांपैकी काहीच मग पाहता येत नाही. साच्याने कापलेल्या कोड्याच्या बाबतीत ही हानी फार नाही. त्याची छेदरेषा हजारो प्रतींत तीच असते. हाताने कापलेल्या कोड्याच्या बाबतीत मात्र ती भरून न येणारी आहे, कारण त्या रेषेची दुसरी प्रत जगात नसते. तगायतायच्या भिंतीवर शोभलेली रीत स्पिल्सबरीच्या नकाशास लावता येणार नाही, ती ह्यामुळे.

हरवलेल्या तुकड्याविषयीही असाच विचार केला पाहिजे. संग्राहकाच्या दृष्टीने तो दोष. अभ्यासकाच्या दृष्टीने ती वापराची नोंद. जुन्या पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस कोडे केव्हा पुरे केले, किती वेळ लागला, कोणता तुकडा नाही, अशा टिपा हाताने लिहिलेल्या आढळतात. कुणी हरवलेल्या तुकड्याच्या जागी दुसऱ्या लाकडाचा तुकडा कापून, रंगवून बसविलेला असतो. ही डागडुजी काढून टाकून कोडे मूळ रूपात आणणे म्हणजे त्याच्या आयुष्याचा निम्मा भाग पुसून टाकणे होय. म्हणून प्रत्येक कोड्याच्या नोंदीत विषय व प्रकाशक ह्यांच्याबरोबरच द्रव्य, हत्यार, तुकडे अडकण्याची रीत, रेषेचा चित्राशी संबंध, उपलब्ध व गहाळ तुकड्यांची संख्या आणि पेटीवरील हस्तलिखित मजकूर ही कलमे असली पाहिजेत. लिंडा हॅनस ह्यांनी १७६० ते १८९० ह्या काळातील इंग्रजी कोड्यांवरचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे एरवी खेळण्यांच्या ढिगात गेलेल्या या वस्तू संशोधनाचे साधन झाल्या. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाने २००२ मध्ये ह्या कोड्यास खेळण्यांच्या सन्मानसूचीत स्थान दिले, हे त्यानंतरचे पाऊल होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास अशा संग्रहालयातून कोणता बोध घेता येईल? आपण ज्या शास्त्रात काम करतो त्यातील विषयांचे तुकडे आपल्यापूर्वी कुणीतरी पाडलेले असतात. काळाची शतके व युगे, भाषांची कुळे, प्रदेशांची नावे ही सारी आपल्या हाती कापून आलेली असतात. ती जुळली म्हणजे आपल्याला समाधान वाटते, आणि जुळली एवढ्यावरून विभागणी बरोबर होती असे आपण मानू लागतो. स्पिल्सबरीचा युरोप प्रत्येक वेळी बिनचूक जुळे. पोलंड नाहीसा झाल्यावरही तो तसाच जुळत राहिला. तुकडे एकमेकांत बसतात ह्यावरून ते एकाच फळीतून कापलेले आहेत एवढेच सिद्ध होते. जग तसेच आहे हे सिद्ध होत नाही.

तेव्हा अशा संग्रहालयास भेट देण्याचा योग आला, तर भिंतीवरील पूर्ण चित्रांपाशी फार वेळ घालवू नये. जेथे एखादा सुटा तुकडा उलटा ठेवलेला असेल तेथे थांबावे, त्याची कड पाहावी, आणि रेषा येथे का वळली असेल, हे स्वतःस विचारून पाहावे.